भागूबाई आणि कादंबरीचा दुसरा भाग

"हिचं नाव काढून टाका, मास्तर. आत्ताच्या आत्ता!"

भागूबाईंनी माझ्या टेबलावर हात आपटला. मागे त्यांची सून सुमन मान खाली घालून उभी होती, हातात आमच्या वाचनालयाची कादंबरी. बहात्तर-त्र्याहत्तर सालची गोष्ट. मी शेवगावात वाचनालय सांभाळायचो. सुमन जवळच्या खेड्यातली, सातवी शिकलेली, माझ्या मेंबरांत सगळ्यात हौशी. तिचं वाचन बंद पडणार म्हटल्यावर मला फार वाईट वाटलं.

"झालं काय, मावशी?"

"रोज दुपारी पुस्तक घिऊन ओसरीवर बसती अन् घळाघळा रडती. येनारंजानारं बघतंय. समदं गाव म्हनतंय, भागूबाई सुनंला छळती. मी हिला कदी वाकडा सबुद बोलले न्हाई!"

हसू आवरणं जड गेलं. "अहो, ती पुस्तकातल्या सुनेसाठी रडते."

"कशापायी? ती काय हिची भन हाय?"

मी सुमनला म्हटलं, "शेवटची दोन पानं मोठ्यानं वाच." 'शांतता पाळा' ही पाटी माझ्याच डोक्यावर होती, पण वेळच तशी होती. सुमन वाचू लागली. कादंबरीतली सासू आजारी सुनेपुढचं ताट ओढून घेते, नवरा पाहून न पाहिल्यासारखं करतो आणि सून लेकराला कडेवर घेऊन घर सोडते. भागूबाई ऐकता ऐकता बाकावर टेकल्या. मग पदर डोळ्यांना लागला.

"मुडदा बशिवला त्या सासूचा! फुडं?"

पुढचं दुसऱ्या भागात होतं. तो आम्ही एका साहेबांच्या मिसेसना इश्यू केला होता, म्हणजे घरी न्यायला दिला होता. परत करायची मुदत कधीच उलटून गेली होती. माझ्या निरोपांना बाई दाद देत नव्हत्या.

"कुटं ऱ्हात्यात ह्या बाई?"

मी घर सांगितलं. नियमात बसत नव्हतं, तरी सांगितलं. सासू-सुना तरातरा गेल्या आणि तिथला चहा पिऊन, पुस्तक घेऊनच परतल्या. नाव काढायचं भागूबाई विसरल्या. मीही आठवण केली नाही.

पुढच्या बाजाराला त्या पुस्तक परत करायला एकट्याच आल्या. "आता ओसरीवर आमी दोगी मिळून रडतो. गावाला म्हनू दे काय म्हनायचं ते." मला इतका आनंद झाला की मी उठून त्यांना माझी खुर्ची दिली. ऐसपैस बसून त्या म्हणाल्या, "ह्या बारीला बरी सासू आसलेली द्या."

मी कपाट उघडलं. मग दुसरं. टोमणे मारणाऱ्या, उपाशी ठेवणाऱ्या, मरतानाही किल्ल्या न सोडणाऱ्या सासवा ढिगाने निघाल्या. बरी एकही नाही. हात झटकत मी तसं सांगितलं.

"मंग लिवनाऱ्यांना आमच्याकडं धाडा," भागूबाई म्हणाल्या. "आठ दिस जेवू घालते. बघू द्या घर."

त्यानंतर रिटायर होईपर्यंत नवीन पुस्तकं आली की मी आधी सासू कशी आहे ते चाळून बघायचो. फारसा फरक दिसला नाही. भागूबाईंकडे जेवायला कुणी लेखक गेला नसावा.