वाफेच्या नळीजवळचं दही

उष्णता चोरता येते का हो? हसू नका, नीट सांगा. आमच्या दहीमावशीच्या हातात कारखान्याने जो कागद ठेवलाय, त्यात तिचा गुन्हा असा लिहिलाय: कंपनीच्या उष्णतेवर खासगी धंदा. मी तो कागद तीनदा वाचला. वाटलं, टाइप करणाऱ्याचा हात घसरला असेल. पण खाली सही होती, शिक्का होता. कुणाचाच हात घसरला नव्हता.

मावशी कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री खात्यात आहे, एकोणीस वर्षं. तिच्यासारखी शर्टाची कॉलर तिथे कुणाला बसवता येत नाही. घर म्हणजे एक खोली, उन्हाचं तोंड न पाहिलेली. तिथे दूध विरजलं तर दुसऱ्या दिवशीही दूधच. आणि घरात सासरे, तोंडात एक दात नाही, दह्याशिवाय घास उतरत नाही. कँटीनमधल्या एका वाटीच्या पैशांत अर्धा लिटर दूध येतं. तेव्हा मावशीने डोकं चालवलं.

इस्त्रीच्या टेबलाखालून वाफेची नळी जाते. नळीला हात लागला तर फोड येतो, पण तिच्यापासून वीतभर दूर एक फळी आहे, तिथे नुसती ऊब असते. मावशी सकाळी दूध उकळते, स्टीलच्या डब्यात भरते आणि चालत निघते. पोचेपर्यंत ते कोमट होतं. मग करंगळी बुडवून दहापर्यंत मोजायचं. बोट निवांत राहिलं की चमचाभर विरजण घालायचं, झाकण लावायचं, चिंध्यांत गुंडाळून डबा फळीवर. नंतर त्याला हलवायचं नाही, उघडून बघायचंही नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दही असं लागतं की डबा तिरका केला तरी जागचं हलत नाही. बघता बघता त्या फळीवर अकरा जणींचे डबे आले. विरजण सगळ्यांना मावशीचंच, फुकट.

कँटीनच्या वाट्या पडून राहायला लागल्या. कँटीनवाला साहेबांकडे गेला. साहेबांनी मावशीला बोलावून विचारलं, कंपनीची उष्णता वापरली का? या बाईने काय करावं? लिहून दिलं: होय, रोज वापरली.

"अगं सही कशाला केलीस? मला आधी विचारायचं तरी." माझा आवाज चढला होता.

"खोटं कसं लिहू, पोरी? वापरलीच की."

"ती ऊब तशीही वायाच जाते ना?"

"ते त्यांनी विचारलंच नाही."

माझं डोकंच फिरलं. कँटीनची एक खिडकी गेटबाहेर उघडते, तिथे मी तरातरा गेले. मावशी मागून, "हळू गं, हळू," करत.

"एका बाईच्या पोटावर पाय देताना काही वाटलं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"ताई, आवाज खाली," कँटीनवाला म्हणाला. "मलाही पोट आहे."

"दिसतंय की. खिडकीत मावत नाही."

तो काही बोलणार, तेवढ्यात त्याला माझ्यामागे मावशी दिसली. मावशीने शांतपणे विचारलं, "सोमवारचं विरजण आणू ना रे? की आता नको?"

मला काही कळेना. कँटीनवाल्याने मान खाली घातली आणि ओला फडका घेऊन कोरडाच ओटा पुसायला लागला.

मग मावशीने सांगितलं. रविवारी कँटीन बंद, त्यामुळे त्याचं विरजण आंबून तार धरतं. मावशीचं तिच्या गार खोलीत टिकतं, म्हणून गेली दोन वर्षं दर सोमवारी तो तिच्याकडून वाटीभर नेतो. म्हणजे स्वतःचं जे दही खपेना म्हणून त्याने तक्रार केली, त्याचं विरजणसुद्धा हिच्याच डब्यातलं. चौकात तासभर भाषण ठोकणारी मी, आवाज खाली आणून मावशीकडे वळले.

"हे साहेबांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"विरजण देऊन कुणी बोलून दाखवतं का?"

"तुम्ही सांगाल चौकशीत?" मी कँटीनवाल्याला विचारलं.

"माझा ठेका जाईल, ताई," तो म्हणाला आणि खिडकी ओढून घेतली. पुरती लावली मात्र नाही.

परत येताना मावशी एवढंच म्हणाली, "मामंजींना यातलं काही सांगू नकोस. दही कुठे लागतं ते त्यांना ठाऊक नाही. कळलं तर खायचे नाहीत."

चौकशी गुरुवारी अकरा वाजता आहे. धंदा केला असं ठरलं, तर एकोणीस वर्षांची नोकरी गेली. अकरा जणी घाबरल्यात, त्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही तिथेच काम करायचंय. पण मावशीच्या गल्लीतली निम्मी घरं तिच्याच विरजणावर दही लावतात, हे मला माहीत आहे. त्यातलं एक घर तुमचं असेल, तर गुरुवारी अकराच्या आधी गेटवर या. भाषण मी करीन. तुम्ही आत येऊन एवढंच सांगा, की तिने तुमच्याकडून एक पैसाही घेतला नाही.