दादांचा नांगर, माझा नांगर

समुद्राच्या तळाशी बुडालेल्या जुन्या वस्तू शोधणं हे माझं काम आहे, हे आमच्या गावात, नांदूरघाटात, तीन वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात निम्मी चूक माझी, निम्मी मराठी भाषेची.

नोकरी लागली तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर विचारलं, "काम काय हाय?"

"जुने दगडी नांगर शोधायचे."

मी जहाजाच्या नांगराबद्दल बोलत होते. दादांना नांगर एकच माहीत, शेतातला. "चांगलं हाय," ते म्हणाले, "जमिनीवरचं काम हाय." मी तो गैरसमज तसाच राहू दिला. अडकलेली मोटार काढायला धाकटे काका विहिरीत उतरले ते बुडालेच. तेव्हापासून दादा आम्हाला गुडघाभर पाण्यातही जाऊ देत नसत. पोहणं मी शहरात शिकले, तेही चोरून. इकडे दादा पारावर सांगत सुटले की पोरगी जुन्या अवजारांची मोठी जाणकार झाली. एकदा तर त्यांनी मोडका लाकडी नांगर पुसून माझ्यापुढे ठेवला. मी तो गंभीर चेहऱ्यानं मोजला. काय करणार!

यंदा सुट्टीत त्यांना फोनवर फोटो दाखवताना बोट जरा पुढं सरकलं. समोर पाण्याखालची मी, पाठीवर हवेची टाकी, शेजारी भोकं पाडलेला दगड, म्हणजे माझा नांगर.

"ह्ये कोन?"

मी सगळं सांगून टाकलं. आता नोकरी सोड म्हणणार, याची मला खात्रीच होती.

"मंग तीन वर्सं मला येड्यात काढलंस व्हय?" दादा भडकले. मग फोटो पुन्हा जवळ धरून म्हणाले, "आत दिसतंय का काई?"

"गढूळ असतं. कमरेला दोर बांधतो."

"वर दोर कोन धरतंय?"

"माझ्यासोबत काम करणारी एक बाई."

"लाव तिला फोन."

मला एकदम हायसं वाटलं. सोड म्हणणारा माणूस एवढी चौकशी करत बसत नाही.

मी फोन लावून दिला. दादांनी घसा खाकरला. "मी हिचा बाप बोलतोय. बाई, दोर हातात असला का कुनाशी बोलत जाऊ नगा."

फोन मला परत देताना त्यांचा आवाज खाली गेला. "तुजा काका उतरला तवा दोर माज्याच हातात व्हता. मी गप्पा हानत व्हतो."

हे आमच्या आईलाही माहीत नव्हतं. मी नुसता त्यांचा हात धरला.

"कामावर कवा जायचंय?" त्यांनी विचारलं.

"परवा."

"जा," दादा म्हणाले.