पायरीवरून परत

बुधवार, सकाळ, महागाव बसस्थानक. हजर: मी, चहावाला, नागपूर गाडीचा कंडक्टर आणि एक अनोळखी जोडपं. नवरा मालदीवच्या एका बेटावर स्वयंपाकी होता. रजा संपली होती. रात्रीचं विमान चुकलं तर नोकरी जाणार, हे त्याच्या बायकोने मला दोनदा सांगितलं.

त्याने गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि चहावाला ओरडला, "कुठं चालले, भाऊ?"

बायकोचा चेहरा उतरला. निघालेल्या माणसाला असं टोकलं की अपशकुन; मग घडीभर बसून, पाणी पिऊनच पुन्हा निघायचं. तो खाली उतरला, बाकावर बसला आणि बाटलीतलं पाणी घोटघोट पिऊ लागला.

"गाडी काय तुमच्या सासऱ्याची हाय?" कंडक्टर खेकसला.

"थांबा न दादा! मांगच्या बारीले हे असे बसले नाही, तं दोन वर्षं येणं झालं नाही."

कंडक्टरने घंटीची दोरी धरली. मी दारातच उभी राहून पिशवीत सुट्टे शोधू लागले. सुट्टे माझ्या मुठीतच होते.

तो चढला आणि गाडी हलली. बायको खिडकीखाली धावत आली. "बाई, यायच्या पोटात कालपासून काही नाही. यवतमाळ आलं का जेवाले लावजा!"

यवतमाळ आलं. मी म्हटलं, "डबा उघडा."

त्याने डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. "बेटावर कोणी नाही विचारत, ताई, कुठं चालला म्हणून," तो म्हणाला. "जायले जागाच नाही न."

कळंबही मागे पडलं. डबा अजून उघडायचा आहे.