राणी उठली ते पान

इकडं सरक गं जरा, अजून जवळ. मावशीशी असं उंबऱ्यातून बोलतात का? दिवाळीला आली न्हाईस, संक्रांतीचा तिळगूळही फोनवरच दिलास. आता कागदावर तरी बस माझ्यापाशी. हे दुसरंही कुणी वाचील, म्हणून तुला माहीत असलेलंही पहिल्यापासून सांगते. कंटाळू नकोस.

मी शाळेत गेले न्हाई. लग्नानंतर सासूबाईंच्या शेजारी बसून पोथीवरूनच अक्षरं ओळखायला शिकले. त्या गेल्या आणि श्रावणातली पोथी माझ्याकडं आली. इथं जालन्यात आमच्या गल्लीतल्या बाया दुपारची जेवणं उरकून माझ्या ओसरीत जमतात. मी ओवी वाचते, मंग तिचा अर्थ सांगते. ओवी जुन्या भाषेतली, ती फारशी कुणाला कळत न्हाई. ज्याला त्याला कळतो तो माझा अर्थ.

त्या पोथीत एक राणी आहे. कथा ऐकता ऐकता ती मधूनच उठते. तिथं आलं की सासूबाई आवाज खाली आणायच्या आणि सांगायच्या, राणी उठली, देवाचा कोप झाला, राजा घोड्यावरून पडला. समोरच्या मारवाडी भाभीकडं कथेला गेलं, तर तिथंही अर्ध्यातून उठणाऱ्यावर संकट यायचं. टीव्हीवरच्या मालिकेत तर अशा बाईच्या मागं वीजच कडाडली. मी ते सगळं एकत्र कालवलं आणि दर श्रावणात थोडं तिखट वाढवत गेले. खरं कारण सांगू? नळाला पाणी आलं, गॅसवर दूध आहे, म्हणून बाया उठून जायच्या. राणीचं ऐकलं की बसून राहायच्या. मला ते आवडायचं.

गेल्या श्रावणात तू सासूला घेऊन घनसावंगीहून आल्तीस. नेमकं राणीचं पान चालू होतं, आणि आतल्या खोलीत तुझं लेकरू जागं होऊन रडायला लागलं. तू माझ्याकडं पाहिलंस. मी खाली मान घालून वाचतच राहिले. तू उठलीस.

पुढच्याच आठवड्यात जावईबापू मोटरसायकलवरून घसरले आणि पाय मोडला. तुझा फोन आला तेव्हा तू रडून राह्यली होतीस.

"बराबर राजासारखंच झालं म्हणतात सासूबाई. मावशी, पोथीत बघून सांग ना, राणीनं मंग काय केलं? काहीतरी उतारा असंल की."

थांब म्हटलं आणि पोथी काढली. ते पान मला तोंडपाठ, त्यामुळं कित्येक वर्षांत त्याच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. चष्मा लावून ओवीवर बोट ठेवलं. राणी उठते, दारात आलेल्या तहानलेल्या माणसाला पाणी देते, परत येऊन बसते. पुढं लगेच नगराचं वर्णन. कोप न्हाई, घोडा न्हाई. राजा तर त्या अध्यायात घरीसुद्धा न्हाई.

तू फोनवर वाट बघून राह्यली होतीस. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, की बाई, असं काही लिहिलेलंच न्हाई. पण माझ्या तोंडून निघालं, "एक नारळ वाहा, होईल सगळं ठीक." तेही पोथीत न्हाई.

जावईबापू चालायला लागले. मला वाटलं, मिटलं. मंग भाभी माहेराहून, म्हणजे तुमच्या घनसावंगीहूनच, परत आली.

"काकी, तिकडं आता पोथीतून मधी कुणी उठलं की नारळ वाहतात. पोथीतच लिहिलंय म्हणे. आम्हाला कधी सांगितलं न्हाई तुम्ही?"

माझाच नारळ पोथीत जाऊन बसला होता. मी त्याच दिवशी तुझ्या सासूला फोन लावला.

"विहीणबाई, ते राणीच्या कोपाचं पोथीत न्हाई. मी आपल्या मनानं सांगत होते."

"वय झालं आता तुमचं, विसरता," त्या म्हणाल्या. "मी माझ्या कानानं ऐकलंय तुमच्याकडून. आणि पाय मोडला का न्हाई?"

"पाय रस्त्यावरच्या वाळूनं मोडला."

"मंग त्या वाळूवरून दुसरं कुणी कसं घसरलं न्हाई?"

गल्लीतल्या बायांनाही सांगून पाहिलं. एक म्हणाली, "आजी, तुमची पोथी जुनी असंल, टीव्हीत तर दाखवलं." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. सासूबाईंवर ढकलावं, तर त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असणार. त्यांनी कुणाचं ऐकलं ते मला ठाऊक न्हाई. तुला मात्र मी सांगितलं.

भाभी म्हणाली, तू आता कुठल्याच वाचनाला बसत न्हाईस. लेकरू उठलं तर काय करू, त्यापेक्षा नकोच, म्हणतेस. हे ऐकल्यापासून पोथी उघडली की तुझा त्या दिवशीचा चेहराच दिसतो. राणी उठली तशीच तू उठली होतीस गं, कुणाला तरी तहान लागली म्हणून. मी नुसतं "जा" म्हटलं असतं तर.

या श्रावणात ते पान मी मागं ठेवलंय, तू आल्याशिवाय वाचणार न्हाई. सासूलाही आण. त्यांना माझ्या शेजारी बसवीन आणि ओवीवर बोट ठेवून दाखवीन. लेकरू रडलं न्हाई तरी तू मधीच ऊठ, सगळ्या बायांच्या देखत आत जा, पाणी पी. मी थांबते. तू येऊन बसलीस की पुढची ओवी वाचीन. अंबडहून जालन्याची जीप लगेच मिळते, श्रावण संपत आलाय, तर जरा जल्दी ये.