पुलावरची उडी

मेहकरच्या एसटी स्टँडबाहेर काकांची रसवंती आहे. बसताना ते डावा पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवतात. समोर कोणी मोटारसायकलवरून घसरलं की आधी ओरडतात, “पडतानी हनुवटी छातीले लावत जा बे!” आणि मग लंगडत त्याला उचलायला जातात.

तरुणपणी मुंबईत ते मारधाडीच्या सिनेमांतल्या एका मोठ्या नटाच्या जागी उड्या मारत. पडद्यावर पाठ काकांची दिसे, चेहरा नटाचा. पुलावरच्या उडीत मांडीचं हाड मोडलं आणि ते गावी परतले.

परवा तोच नट एका दुकानाच्या उद्घाटनाला मेहकरात आला. काका आणि मी गर्दीत पुढेच उभे होतो. नट माइकवर म्हणाला, “माझ्या सिनेमातली प्रत्येक उडी मी स्वतः मारली आहे.” टाळ्यांचा कडकडाट झाला. माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडण्याआधी काकांचा आवाज आला, “साहेब, पुलावरच्या उडीत तुमचा पाय कोनता मोडला?”

लोक खो खो हसले. “चूप बस बे, म्हाताऱ्या!” कोणीतरी ओरडलं. आयोजकांच्या दोन माणसांनी काकांना दंडाला धरून मंडपाबाहेर काढलं.

मी मागे धावलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “काका, तो तुमाले विसरला असन.”

“नाही विसरला,” काका म्हणाले. “सारे हसून राह्यले होते. तो एकटा हसला नाही.”