आधी इंजिनाला तेल

निजामाच्या अमलात नळदुर्गाला एक मिस्त्री होता. खोलून नव्यानं बांधलेलं इंजिन तेल पाजल्याबिगर तो सुरू करू देत नसे. डिझेल बंद ठेवून हातानं हँडल मारायचं, तेल वरपर्यंत चढलेलं त्याला दिसलं की मगच डिझेल सोडायचं.

माझ्या लग्नाच्या ट्रकाचं इंजिनही त्यानंच बांधलेलं. वऱ्हाड वर चढून बसलं, तरी ह्याचं आपलं, "थांबा जरा."

मामा वरूनच ओरडले, "मिस्त्री, मुहूर्त टळंल की! करा चालू!"

"पोराला हळद-तेल लावल्याबिगर मांडवात न्हेता का? मग ह्यालाच कोरडं पळवू व्हय?"

आन् हँडल माझ्याच हातात दिलं. "लगीन कुणाचं हाय? मारा, नवरदेव."

मी जन्मात कुणापुढं वाकलो न्हाय. त्या हँडलापुढं मात्र बाशिंग सावरत लई वाकलो. अखेर तेल वर आलं. त्यानं बोट बुडवून बघितलं आन् माझ्याच शेल्याला पुसलं.

मुहूर्त गाठला. अक्षता पडताना सगळं गाव आमच्याकडं बघत होतं. मिस्त्री तेवढा आमच्याकडं पाठ करून ट्रकावर अक्षता टाकत होता.