नळीवरचं कुंकू

आयुधपूजेला शिवणयंत्रात तेल घालते, तेव्हा तो वास जावा म्हणून आजही मी आधी खिडकी उघडते. सासऱ्यांच्या रायफलीला असाच वास यायचा.

त्यांचे आजोबा म्हैसूरच्या फौजेत होते. त्यांची ती दोन नळ्यांची शिकारी रायफल म्हणजे आमच्या घरचा देवच. दरवर्षी पूजेला तिला बाहेरून तेल चोळायचं, नळीच्या तोंडाला कुंकू लावायचं आणि घरातल्या लहानग्यानं तिथंच कपाळ टेकायचं. मी हौसेनं फोटो काढला होता. तो आता मला बघवत नाही.

त्या वर्षी पूजा झाल्यावर ती विकायची ठरली. मंडी मोहल्ल्यातले एक बंदूकवाले पारखायला घरी आले.

"लंडनची आहे, नोडी, बघा," सासरे ऐटीत म्हणाले.

बंदूकवाल्यांनी भिंगातून नळीवरचे शिक्के न्याहाळले. "लंडन नव्हे, रायरे. बेल्जियम. पण माल उत्तम आहे, किंमत येईल. आतून बघितलीत कधी?"

"अय्यो, देवाला कोण उघडून बघतंय?"

त्यांनी खटका सरकवला, तशी रायफल मधोमध वाकून उघडली, आणि त्यांचा हात जागीच थांबला. उजव्या नळीत काळवंडलेलं काडतूस होतं. त्यांनी ते नखानं अलगद ओढून तळहातावर घेतलं. उडालेलं नव्हतं. जिवंत होतं.

बंदूकवाल्यांनी नळीच्या तोंडावरचं वाळलेलं कुंकू बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "हे कुणी लावलं?"

माझ्या चार वर्षांच्या लेकीनं मोठ्या कौतुकानं हात वर केला.